ओळ बदलण्याचा अधिकार

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत, शाळेच्या किंवा सेवा केंद्राच्या संगणकावर लिनक्स टाकले आणि त्याला मराठी बोलायला लावायचे ठरवले, तर काम दिसायला अगदी किरकोळ आहे. डेबियन घराण्यातल्या प्रणालींत जगभरच्या भाषांची यादी असलेली एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात शेकडो ओळी असतात आणि बहुतेक ओळींच्या आरंभी # ही खूण असते. खूण आहे म्हणजे ती ओळ झोपलेली. मराठीच्या ओळीपुढची खूण काढायची, एक आज्ञा चालवायची, झाले. एकच यंत्र असेल तर हे हाताने करता येते. दहा यंत्रे असतील तर कोणीही शहाणा माणूस दोन ओळींची स्क्रिप्ट लिहितो: अमुक ओळ शोध, तिच्यापुढची खूण पूस. आणि नेमके इथेच ते फसते. अमेरिकन इंग्रजीची ओळ 'ईएन_यूएस.यूटीएफ-८ यूटीएफ-८' अशी असते, म्हणून मराठीची ओळही 'एमआर_आयएन.यूटीएफ-८ यूटीएफ-८' अशीच असणार असे धरून स्क्रिप्ट लिहिली जाते. फाइलीत मात्र ती 'एमआर_आयएन यूटीएफ-८' एवढीच असते, कारण इंग्रजीला युनिकोडच्या आधीच्या जुन्या संकेतप्रणालीपासून वेगळे दाखवावे लागते आणि मराठीच्या वाट्याला तिथे युनिकोडशिवाय दुसरे काही कधी आलेच नाही. स्क्रिप्टला ओळ सापडत नाही. ती तक्रार करत नाही, काम यशस्वी झाल्याचा संकेत देऊन शांतपणे संपते. 'सेड' या साधनाच्या लेखी शोधलेली ओळ न सापडणे ही चूकच नव्हे. दहाही यंत्रे जिथल्या तिथे राहतात आणि बिघाड दुसऱ्याच कुठल्या तरी प्रोग्रामच्या तोंडून, दुसऱ्याच दिवशी कळतो.

स्क्रिप्टने ओळीओळीने कॉन्फिग फाइल बदलण्याविषयी जे वाद चालतात, ते बहुधा साधनांचे असतात: सेड की ऑक, पर्ल की पायथन, की सरळ अन्सिबल. माझ्या मते हा वाद दुय्यम आहे. ओळ शोधून बदलणे हे तंत्र जुने आहे, उपयोगी आहे आणि ते जाणारही नाही. पण ते सुरक्षित आहे की घातक, हे साधनावर ठरत नाही. ते दोन गोष्टींवर ठरते. त्या फाइलीत अर्थाचे एकक खरोखर ओळ आहे का, आणि ती ओळ बदलण्याचा अधिकार आपला आहे का? पहिला प्रश्न निदान चर्चेत तरी येतो. दुसरा जवळजवळ कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते मोठी मोडतोड त्यातूनच होते.

ओळीला एवढे महत्त्व आले कुठून, हे आधी पाहिले पाहिजे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसनने 'एड' हा संपादक लिहिला तेव्हा समोर पडदा नव्हता, कागदावर छापणारे टेलिटाइप यंत्र होते. पूर्ण पान पाहण्याची सोय नसल्याने ओळीचा क्रमांक सांगायचा, ती छापून बघायची आणि बदलायची, एवढाच मार्ग होता. १९७३-७४ च्या सुमारास ली मॅकमोहनने याच आज्ञा माणसाऐवजी वाहत्या मजकुरावर चालवणारे 'सेड' तयार केले आणि १९७७ साली अहो, वाइनबर्गर व कर्निघन या तिघांचे 'ऑक' आले. त्याच वातावरणात युनिक्सच्या सेटिंग फायली घडल्या. वापरकर्त्यांची यादी घ्या: एक माणूस, एक ओळ, मध्ये अपूर्णविराम. डिस्क कुठे जोडायच्या त्याची यादी, यंत्रांच्या नावांची यादी, सगळ्यांचे रूप हेच. म्हणजे फायली आणि त्या बदलणारी साधने एकमेकांना साजेशी होती. ओळीओळीने बदलणे हा तेव्हा जुगाड नव्हता, रचनेतच ते अपेक्षित होते. आजही जी फाइल त्या वळणाची आहे, तिथे सेडला नाके मुरडण्याचे कारण नाही; भाषांच्या यादीतली खूण काढण्यासाठी मोठी यंत्रणा उभारणे हा उधळेपणा होईल. फक्त सुरुवातीच्या त्या स्क्रिप्टला एक तपासणी जोडावी: बदल केल्यावर हवी ती ओळ फाइलीत आहे का ते पाहा, नसेल तर मोठ्याने ओरड आणि थांब.

अडचण अशी की पुढच्या पन्नास वर्षांत फायली बदलल्या आणि सवय तशीच राहिली. दूरवरच्या यंत्रात शिरण्याचे दार सांभाळणाऱ्या एसएसएचचे उदाहरण तपशिलात पाहण्याजोगे आहे, कारण ती फाइल दिसते ओळींची, पण असते वेगळीच. पासवर्डने आत येणे बंद करायचे म्हणून पुष्कळ स्क्रिप्ट फाइलीच्या तळाशी एक ओळ चिकटवतात. आता या प्रोग्रामचा नियम असा की एकच सेटिंग दोनदा आले तर आधी आलेले खरे, नंतरचे दुर्लक्षित. ओपन-एसएसएचच्या ८.२ या २०२० मधल्या आवृत्तीपासून एका फाइलीतून दुसरी फाइल ओढण्याची सोय आली आणि उबुंटूसारख्या प्रणालींत ती ओढणारी ओळ मुख्य फाइलीच्या वरच्या बाजूलाच असते. भाड्याच्या क्लाउड यंत्रांवर त्या ओढल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये आधीच एक फाइल पडलेली असू शकते, जिच्यात पासवर्ड चालू असे लिहिलेले असते. परिणाम: तळाला 'बंद' लिहिले आहे, माणूस फाइल उघडून ते वाचतो, समाधान पावतो, आणि दार उघडेच असते. याहून वाईट शक्यता अशी की फाइलीच्या शेवटी एखाद्या विशिष्ट वापरकर्त्यापुरता 'मॅच' विभाग असतो. हा विभाग पुढचा 'मॅच' येईपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत चालू राहतो, म्हणून तळाला चिकटवलेली ओळ त्या एका वापरकर्त्यालाच लागू होते. ओळ तीच, अक्षरे तीच, पण जागा बदलली की अर्थ बदलला. उलट, कर्नलच्या सेटिंगच्या फायलींत नंतर आलेले खरे धरतात. एकाच यंत्रावर शेजारशेजारच्या दोन फायलींचे नियम उलटे असतील, तर 'तळाला ओळ जोड' हा उपाय अर्ध्या वेळा बरोबर येणार, तोही योगायोगाने. याम्ल आणि एक्सएमएलबद्दल तर बोलायलाच नको. याम्लमध्ये ओळीआधीच्या मोकळ्या जागांवर ती कोणाच्या पोटात आहे हे ठरते, आणि जुन्या १.१ आवृत्तीच्या नियमाने नॉर्वेचा 'एनओ' हा देशसंकेत अवतरणचिन्हांशिवाय लिहिला तर तो 'नाही' असा वाचला जातो.

मराठी मजकुराच्या बाबतीत ओळीच्याही आत शिरावे लागते. यवतमाळ, वर्धा, नागपूर या पट्ट्यात सावंगी नावाची गावे पुष्कळ आहेत. वर्ध्याजवळची सावंगी मेघे तर वैद्यकीय महाविद्यालयामुळे सगळ्यांना ठाऊक. आता एखाद्या सेटिंगच्या फाइलीत गावांची नावे आहेत आणि त्यातल्या एका 'सावंगी'चे 'सावंगी मेघे' करायचे आहे. साधी शोध-बदल आज्ञा चालवली तर फुलसावंगीचे 'फुलसावंगी मेघे' होईल, कारण यंत्राला फक्त अक्षरांची माळ दिसते. यावर माहितगार माणूस शब्दसीमेची खूण लावतो: 'सावंगी' हा स्वतंत्र शब्द असेल तरच बदल. इंग्रजीत हा उपाय पक्का आहे. पायथनच्या मूळच्या शोधप्रणालीत मात्र देवनागरीच्या मात्रा आणि वेलांट्या शब्दाची अक्षरे म्हणून धरल्याच जात नाहीत. 'सावंगी'च्या शेवटची दीर्घ वेलांटी तिच्या लेखी शब्दाबाहेरची, पुढची मोकळी जागाही शब्दाबाहेरची, म्हणून तिथे सीमा नाही. एकटे उभे असलेले 'सावंगी' तिला सापडत नाही. 'सावंगीत' आणि 'सावंगीला' मात्र सापडतात, कारण वेलांटीनंतर त किंवा ल आला की तिला तिथे सीमा दिसते! फुलसावंगी वाचते खरी, पण ज्या गावासाठी खटाटोप केला ते राहते बाजूला आणि ज्यांना हात लावायचा नव्हता ती रूपे बदलतात. हीच गोष्ट 'शेतकऱ्यांना' या शब्दाची. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकदा ऱ हे वेगळे अक्षर घेऊन आणि एकदा नेहमीच्या र ला न दिसणारे जोडचिन्ह लावून. पडद्यावर फरक शून्य, स्क्रिप्टच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द. रोमन लिपीत फुलसावंगी 'पीएच'नेही लिहितात आणि 'एफ'नेही. यवतमाळ जिल्ह्याचे नाव ब्रिटिश काळातल्या कागदांवर वेगळ्याच स्पेलिंगने येते. ओळीचा शोध घेणाऱ्या कोणत्याही स्क्रिप्टला हे सगळे आधी माहीत असावे लागते. ती माहिती संगणकशास्त्राच्या पुस्तकात नसते, गावात असते.

गावांची नव्हे तर शहरांची आणि जिल्ह्यांची नावे बदलली तेव्हा हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वत्र उभा राहिला. १९९५ मध्ये बॉम्बेचे मुंबई झाले, २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. ज्याच्या हातात शोध-बदल आज्ञा आहे त्याला हे काम पाच मिनिटांचे वाटते. पण औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे आणि त्याचे नाव बदललेले नाही. बॉम्बे उच्च न्यायालयाचे अधिकृत इंग्रजी नाव आजही तेच आहे, पवईच्या आयआयटीचेही. तिथे बॉम्बेच्या जागी मुंबई घालणे म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली केलेली चूक. याच्या शेजारी वेळेच्या नोंदींचे जागतिक कोष्टक ठेवून पाहावे. भारतीय वेळेसाठी सर्व्हरवर घड्याळाचे जे सेटिंग असते, त्याचे नाव पूर्वी 'आशिया/कलकत्ता' होते. शहराचे नाव २००१ मध्ये बदलले आणि कोष्टकात 'आशिया/कोलकाता' हे नाव २००८ मध्ये आले. पण कोष्टक सांभाळणाऱ्यांनी जुने नाव पुसले नाही. ते नव्याकडे बोट दाखवणारा दुवा म्हणून ठेवले. जगभर कोट्यवधी फायलींत लिहिलेले जुने नाव त्यामुळे चालत राहिले आणि कोणाच्याही फाइलीत कोणालाही शिरावे लागले नाही. कुठल्या कुठल्या ब्राउझरमध्ये 'कलकत्ता' पुढेही बरीच वर्षे डोकावत राहिले, त्याने कोणाचे घड्याळ चुकले नाही. दुसऱ्याच्या मालकीची ओळ न बदलता बदल घडवता येतो, याचा याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही.

इथून मालकीच्या प्रश्नाकडे येता येते. एखाद्या यंत्रावरच्या सेटिंग फाइलीवर किमान तिघांचा दावा असतो: ती ज्याने बनवून पाठवली तो वितरक, त्या यंत्राचा ॲडमिन आणि स्क्रिप्ट. डेबियनने या दाव्यांचा निवाडा फार पूर्वी नियमात लिहून ठेवला. स्थानिक माणसाने केलेला बदल नव्या आवृत्तीने तुडवता कामा नये, आणि अशा फाइलीला पॅकेजच्या स्क्रिप्टने हात लावता कामा नये, स्वतःच्याही नाही. सी-डॅकची 'बॉस' ही आपल्या सरकारी कार्यालयांसाठी केलेली प्रणालीही डेबियनवरच बेतलेली, म्हणजे तिथेही हाच वारसा. आता आपल्या स्क्रिप्टने अशा फाइलीत मध्येच एक ओळ बदलली, की प्रणाली तो बदल माणसाने केला असे समजते. पुढच्या अपग्रेडच्या वेळी ती विचारते, तुमची फाइल ठेवू की नवी घेऊ? रात्री आपोआप चालणाऱ्या अपग्रेडमध्ये उत्तर द्यायला कोणी नसते. जुनी फाइल ठेवली तर वितरकाने केलेली सुरक्षेची दुरुस्ती हुकते, नवी घेतली तर आपली ओळ जाते. अक्षरांच्या मांडणीसाठीची फॉन्टकॉन्फिगची मुख्य फाइल तर हे उघड सांगते: माझ्यात बदल करू नका, मी बदलली जाईन, तुमचे काय असेल ते वेगळ्या फाइलीत ठेवा. मराठीतला ल आणि श हिंदी वळणाचा न दिसता मराठी वळणाचा दिसावा म्हणून फॉन्टचा अग्रक्रम बदलणाऱ्याने खरे म्हणजे हा इशारा वाचलेला असावा. तरी इशाऱ्याच्या खालीच बदल केलेल्या फायली हव्या तितक्या दिसतात.

फुलसावंगी हे महसुली गाव आहे, आणि महसुली कागदात हा निवाडा संगणकाच्या आधीपासून आहे. सातबाऱ्यावरचे नाव तलाठ्याने, आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकाऱ्याने, खोडून दुसरे लिहायचे नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद पडते. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. बदललेल्या ओळीशेजारी फेरफार क्रमांक राहतो. निव्वळ लेखनाची चूक असेल तर तिच्यासाठी कलम १५५ वेगळे आहे, म्हणजे चूक सुधारणे आणि हक्क बदलणे या दोन गोष्टी कायदा एका दावणीला बांधत नाही. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना फरक पडले तेव्हा ते मिटवायला एडिट आणि री-एडिट अशा तात्पुरत्या सोयी द्याव्या लागल्या, २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन घेऊन ओळी खातेदारांसमोर वाचाव्या लागल्या, आणि त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. ही प्रक्रिया संथ आहे, तिच्यातून लोकांना होणारा त्रासही खोटा नाही. पण कॉन्फिग फायलींच्या जगात ज्याला आवृत्ती-नियंत्रण, बदलाआधीची चाचणी आणि दुसऱ्या माणसाची नजर म्हणतात, ते सगळे तिच्यात आहे. सेडची स्क्रिप्ट थेट सातबाऱ्यावर खोडाखोड करते. सहा महिन्यांनी ती ओळ कोणी, का, कशाच्या आधारे बदलली हे विचारले तर उत्तर द्यायला फेरफारची नोंद नसते.

यावर सुचलेले उपाय कालक्रमाने पाहिले तर ते हळूहळू मालकीच्याच प्रश्नाकडे सरकताना दिसतात, सुचवणाऱ्यांनी तसे म्हटलेले असो वा नसो. १९९३ मध्ये ओस्लोला मार्क बर्जेसने सीएफइंजिन आणले. त्याची मुख्य कल्पना अशी की स्क्रिप्टने 'हे कर' सांगू नये, 'हे असे असावे' सांगावे. तसे आधीच असेल तर काही करू नये, म्हणजे दहादा चालवले तरी निकाल तोच. ओळ जोडणाऱ्या भोळ्या स्क्रिप्टने तीच ओळ दहादा जोडली, हा जुना रोग याने बरा झाला. २०१२ मध्ये आलेल्या अन्सिबलमधले 'लाइन-इन-फाइल' हे फार वापरले जाणारे साधन याच विचाराचे. तरी त्यातही मेख आहे: शोधाचा नमुना बदलाआधीची आणि बदलानंतरची अशा दोन्ही ओळींना लागू पडेल असा लिहावा लागतो, नाहीतर ओळ सापडत नाही म्हणून तळाला नवी जोडली जाते. २००८ च्या सुमारास ऑगियस आले. त्याने फाइल ओळींची न मानता झाडासारखी वाचायची, फांदी बदलायची आणि टिपा-मोकळ्या जागांसकट परत लिहायची, असा मार्ग घेतला. अर्थाचे एकक ओळ नाही या अडचणीवर हे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे. पण प्रत्येक प्रकारच्या फाइलीसाठी वेगळे व्याकरण लिहावे लागत असल्याने ते म्हणावे तसे रुजले नाही. तिसरा मार्ग पूर्ण फाइलच साच्यातून तयार करण्याचा, आणि चौथा, ज्याच्याकडे आता बहुतेक प्रकल्प वळले आहेत, तो म्हणजे मूळ फाइलीला हात न लावता शेजारच्या फोल्डरमध्ये आपली छोटी फाइल ठेवण्याचा. सिस्टमडी, सुडो, एसएसएच, कर्नलची सेटिंग, फॉन्ट, सगळीकडे ही सोय आहे. वितरकाची फाइल वितरकाची, आपली आपली. माझ्या मते जिथे ही सोय असेल तिथे मुख्य फाइलीत ओळ शोधून बदलण्याला कोणतेही समर्थन उरत नाही.

तरी हा मार्ग बिनकाट्यांचा आहे असे सांगणे खोटे ठरेल. सुडोच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या फाइलीच्या नावात टिंब असेल तर ती वाचलीच जात नाही; कर्नल-सेटिंगच्या फोल्डरमध्ये उलट नाव '.कॉन्फ'ने संपले नाही तर ती वाचली जात नाही. एकाची शिस्त दुसऱ्याकडे नेली की फाइल जागेवर असून नसल्यासारखी. शिवाय एक सेटिंग चार फायलींत विखुरले की शेवटी खरे कोणते हे डोळ्यांनी वाचून कळत नाही.

मोठा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो व्यवहारी माणसाचा आहे. तीन यंत्रे, एक माणूस, महिन्यातून एखादा बदल. त्याने अन्सिबल शिकावे, भांडार सांभाळावे, साचे लिहावे, हा शहरातल्या कंपन्यांचा थाट गावात कशाला? आक्षेप अर्धा मान्य करावा लागतो. थाट नको, हे खरे. पण लहान जागी बेफिकिरी परवडते असे यातून निघत नाही; उलट ती तिथेच जास्त महाग पडते. पुण्यातल्या सर्व्हरवर जाण्याचे दार स्क्रिप्टने चुकून बंद केले तर तिथला माणूस शेजारच्या खोलीत जातो. फुलसावंगीत तेच झाले तर पुसदहून किंवा उमरखेडहून कोणीतरी यावे लागते. विजेचेही तसेच. एखादी फाइल वाचून तिच्यातच निकाल ओतणारी आज्ञा दिली, तर शेल आधी ती फाइल रिकामी करते आणि मग आज्ञा चालवते. वीज न जाताही हाती शून्य अक्षरांची फाइल येते. सेडचा जागच्या जागी बदल करण्याचा पर्याय शहाणा आहे, तो तात्पुरती फाइल लिहून तिला मूळ नाव देतो. पण त्यामुळे मूळ फाइल जर दुसरीकडे बोट दाखवणारा दुवा असेल तर दुवा तुटून तिथे साधी फाइल बसते, आणि वीज नेमकी त्या क्षणी गेली तर काय होते यावर २००९ मध्ये ईएक्सटी-४ ही फाइलप्रणाली नवी असताना तिच्या कर्त्यांत आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांत चांगलीच जुंपली होती, कारण यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर लोकांना सेटिंगच्या फायली रिकाम्या सापडत होत्या. जिथे विजेचा भरवसा कमी तिथे प्रत लिहा, डिस्कवर खरोखर उतरली याची खात्री करा, तपासा आणि मगच नाव बदला, हा क्रम चैनीचा नाही. त्याला अन्सिबल लागत नाही. आठ-दहा ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये लिहून जतन केलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या अंती एक न दिसणारे अक्षर बसते आणि 'ओळीच्या शेवटी' असे शोधणारा नमुना त्यामुळे हुकतो, हेही त्याच स्क्रिप्टने आधी तपासावे.

दुसरा आक्षेप उलट्या टोकाचा: कंटेनरच्या काळात हा सगळा वाद शिळा झाला, चालू यंत्रावरची फाइल आता कोणी बदलतच नाही, नवी प्रतिमा बनवतात. हे ऐकायला बरे वाटते. पण एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची अधिकृत डॉकर प्रतिमा उघडून पाहिली तर तिच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टांत सेड आहे! नव्या धर्तीच्या, म्हणजे आयपीव्ही-६ च्या, पत्त्यांवरही ऐकता यावे म्हणून ती मूळ सेटिंग फाइलीत एक ओळ घालते. म्हणजे काम गेले नाही, फक्त जागा बदलली. मात्र ती स्क्रिप्ट ज्या सावधपणे लिहिली आहे ते वाचण्यासारखे आहे. फाइल आहे का, ती लिहिता येते का, हवी ती ओळ आधीच आहे का, असे ती क्रमाने विचारते. मग ती फाइलीचा ठसा काढून वितरकाने पाठवलेल्या मूळ ठशाशी ताडून बघते. दोन्ही जुळले तरच ओळ बदलते. जुळले नाहीत, म्हणजे कोणीतरी ही फाइल आपली केली आहे, तर तसे एका ओळीत नोंदवून ती मागे हटते. अर्थाचे एकक आणि मालकी, दोन्ही प्रश्न विचारणारी ही स्क्रिप्ट जुन्याच सेडने लिहिलेली आहे. साधन जुने असणे हा दोष नव्हता, हे तिच्यावरून कळते.

उरतो प्रश्न तपासणीचा, आणि इथे बहुतेक स्क्रिप्ट अजूनही चुकीच्या ठिकाणी बघतात. बदल झाला का हे पाहायला त्या पुन्हा फाइलीतच शोध घेतात. ओळ दिसली की समाधान. एसएसएचच्या उदाहरणात ओळ दिसतच होती. विचारायचे फाइलीला नव्हे, ती वाचणाऱ्या प्रोग्रामला. एसएसएचचा सर्व्हर सगळ्या फायली, ओढलेल्या आणि मूळच्या, वाचून शेवटी काय धरले ते छापून दाखवतो, आणि अमुक वापरकर्ता अमुक ठिकाणाहून आला तर काय लागू होईल हेही सांगतो. सुडोच्या फाइलीसाठी 'व्हीसुडो' आहे, जो व्याकरण चुकले तर सांगतो. ते न वापरता सुडोची फाइल बिघडवली तर सुडोच्या जुन्या आवृत्त्या कामच नाकारत आणि दुरुस्त करायला लागणारा अधिकार त्याच सुडोतून मिळत असल्याने माणूस अडकत असे. सिस्टमडी मूळ आणि शेजारच्या फायली एकत्र करून दाखवते. मराठीच्या ओळीसाठी तर एवढेच करायचे: आज्ञा चालवल्यावर प्रणालीकडे उपलब्ध भाषांची यादी मागायची आणि तिच्यात मराठी आहे का ते बघायचे. नसेल तर फुलसावंगीतून निघण्याआधी ते कळते.